घोड्यांना नावं होती

"ठैरो," असं म्हणून तो कानामागची पेन्सिल काढायचा, तिचं टोक जिभेला लावायचा आणि मगच पुढचं बोलायचा. क्रेन थांबवायची असो की पाणी मागायचं असो, आधी ठैरो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. ज्या जमिनीत मी भात लावला तिथेच कारखान्याचं फाटक झालं आणि त्या फाटकावर मी पहारेकरी. शिक्षण तिसरी. चौथीत मास्तराने विनाकारण मारलं, तेव्हा उठून आलो तो परत गेलो नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारा शिकलेल्यांच्या चुका काढतो. काढतोच.

यंत्रं बसवायला तो जर्मनीहून आला होता. सगळे त्याला जर्मन साहेब म्हणत. तोंडावर मी त्याला अहो म्हणायचो, पाठीमागे अरे. इथेही अरेच ठेवतो, माया त्यात जास्त आहे. हिंदी तो फिटर लोकांकडून शिकला होता, त्यामुळे शिवी कुठली आणि साधा शब्द कुठला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मोठ्या मॅनेजरला त्याने एकदा अगदी अदबीने शिवी दिली होती.

दुपारी डबा खाऊन झाला की तो माझ्या केबिनमध्ये बसायचा आणि नकाशा काढायचा. स्वतःच्या गावाचा. लढाईनंतर ते गाव जर्मनीत राहिलंच नाही, पोलंडात गेलं. घोडागाड्यांत सामान टाकून सगळं गाव निघालं आणि दहा दिशांना पांगलं. आता ती पांगलेली माणसं मिळून गावाच्या इतिहासाचं पुस्तक छापणार होती, आणि त्यातला नकाशा याने द्यायचा होता.

"ये तालाब. ये चर्च. ये मालिक का बड़ा घर. पूरा गाँव उसका."

"म्हणजे खोत," मी म्हटलं.

खोत म्हणजे काय, हे समजावण्यात माझी एक दुपार गेली. पण समजल्यावर तो इतका खूश झाला की विचारू नका. मग रोज आमची पैज लागायची, कोणाचा खोत जास्त वाईट. मी म्हणायचो, आमचा खोत वेलीवरची पहिली काकडी न्यायचा. तो म्हणायचा, आमच्या मालकाच्या रानातली सुकी काटकीही विचारल्याशिवाय उचलता येत नसे. मी म्हणायचो, खोताच्या घरचं लग्न असलं की आम्ही फुकट राबायचो. तो म्हणायचा, आमच्याकडे लोकांना लग्न करायलाच मालकाची परवानगी लागायची, आजोबांच्या काळात. त्या दिवशी मी हरलो. घरी जाऊन आईला विचारलं, "खोतानं यापेक्षा वाईट काय केलं होतं गं?"

ती म्हणाली, "मेला तो आता. तू कशाला त्याला वाढवून सांगतंस?"

नकाशा पुरा होत आला. मोठ्या घरामागे तबेला होता, त्यात बारा चौकोन, प्रत्येकात काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं, हे काय. तो एकेक वाचू लागला. घोड्यांची नावं. बाराच्या बारा. कुत्र्यांचीही होती. तळ्याच्या पलीकडे एका रांगेत आठ घरं होती, ती कोरी.

"इधर कौन?"

"इधर? मज़दूर लोग."

"नाम?"

"मज़दूर," तो म्हणाला.

त्याचा बाप मालकाचा कारभारी होता, हे तेव्हा मला त्याच्याच तोंडून कळलं. आणि माझा बाप खोताचं कूळ. माझं डोकं फिरलं. "साब, घोड़े को नाम है और आदमी को नहीं?"

तो म्हणाला, तीस वर्षं झाली, आठवत नाही. मी म्हटलं, घोडे आठवतात ते?

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. केबिनची खुर्ची काढून टाकली. तो फाटकातून आला-गेला की मी खोताला घालायचो तसा कमरेत वाकून सलाम घालायचो, तोंडातून अक्षर काढायचो नाही. तो दिवसातून सात-आठ वेळा ये-जा करायचा. लाल व्हायचा. "ठैरो, ये मत करो," म्हणायचा. मी आणखी वाकायचो. माझी पाठ धरली, पण हट्ट सोडला नाही.

शेवटी त्यानेच कागद काढले. पांगलेल्या गाववाल्यांना पत्रं लिहिली. महिन्याभराने जीप फाटकाशी पोचायच्या आधीच तो लांबून ओरडला, एक नाव मिळालं. मी सलाम घातला, पण थोडा कमी वाकून. चौथं नाव आलं तेव्हा खुर्ची परत ठेवली. आठवं त्याच्या थोरल्या बहिणीने कळवलं. त्या घरातल्या बाईने याला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती. पत्र वाचून झाल्यावर तो बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत बसला. मी माठातलं पाणी दिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्याचं काम संपलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "अब तुम्हारा गाँव."

मी ऐटीत काढलं. देऊळ, तळं, मिठागर, खोताची मोकळी बखळ, प्रत्येक घर, प्रत्येक घरात नाव. एक चुकलो नाही. त्याने शिमग्याला आमचं गाव बघितलं होतं. पेन्सिल मिठागराच्या बांधापलीकडे टेकवून म्हणाला, "ठैरो. इधर चार झोंपड़ी था."

"तिथं कातकरी राहतात."

"नाम?"

मी उठलो आणि फाटक उघडायला गेलो. कोणी आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. कागद खिशात घालून बांधापलीकडे गेलो. तीन झोपड्यांनी नावं सांगितली. तेव्हा नव्या शहरासाठी मोजणीवाले फिरत होते, त्यामुळे भीत भीत सांगितली. चौथ्या झोपडीतली म्हातारी मिसरी लावत बसली होती.

"नाव कशाला? झोपडी मोडाची हाय काय?"

"नाय गं. जर्मन साहेबाला पायजे."

"त्याचं नाव काय?"

"जर्मन साहेब."

"त्ये नाव हाय होय?"

दोन वर्षं मी त्याच्याबरोबर बसलो होतो. तसाच कारखान्यावर गेलो. साहेब सकाळीच विमानतळावर गेला होता. ऑफिसातल्या कारकुनाने रजिस्टर बघून नाव सांगितलं. भलतंच लांब. तीनदा सांगायला लावलं, आणि विसरू नये म्हणून बांधावरून मोठ्याने घोकत परत आलो. मिठागरातले लोक काम थांबवून बघत होते.

म्हातारीला नाव सांगितलं. तिला पटेना. आणखी दोनदा म्हणायला लावलं. मग ती मिसरी थुंकून म्हणाली, "हां. लिव आता," आणि तिने आपलं नाव सांगितलं, मेलेल्या नवऱ्याचं सांगितलं, आणि थांबायलाच तयार होईना. मी बांधावर बसून लिहीत राहिलो. वरून विमान जात होतं. त्याचंच असेल असं नाही.