भाऊंच्या वाढदिवसाचं सूत्रसंचालन

माइक हातात आला की मॅडम कुणाला भीत नाहीत, असं आमच्या शेवगावकडे सगळे म्हणतात. म्हणू देत बापडे! माइक धरलेल्या हाताला घाम सुटलेला खाली बसलेल्यांना दिसत नाही, एवढंच.

मी ज्या शाळेत मराठी शिकवते तिचे चेअरमन म्हणजे भाऊ. तालुक्याच्या राजकारणातलं मोठं प्रस्थ. मला नोकरीत कायम करण्याची ऑर्डर त्यांच्या सहीसाठी अडलेली, म्हणून त्यांचा कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन माझ्या गळ्यात. त्यांच्या वाढदिवशी, शनिवारी सकाळी शाळेत गुणवंत मुलींचा सत्कार होता. भाऊ बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. हल्लीच्या गाण्यांनी पिढी बिघडवली, पोरींनी अंगभर कपडे घालावेत, स्त्री म्हणजे साक्षात देवी. स्टेजमागे हार-नारळ सांभाळायला माझाच एक जुना विद्यार्थी होता, मागच्या वर्षी दहावी झालेला. जाताना वाकून माझ्या पाया पडला. गुणी पोरगा.

दुपारी भाऊंच्या माणसाचा फोन. "मॅडम, संध्याकाळचा सूत्रसंचालक येतच न्हाई म्हनला. भाऊ म्हनले, मॅडमला बोलवा." संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे बाजारतळावर नाचगाणी, बाहेरून आणलेल्या बाईंची. मी म्हणून पाहिलं, अहो, तिथं माझं काय काम? "भाऊंनी सांगितलंय," तो म्हणाला. संपलं.

स्टेजमागे टेम्पोला कनात लावून त्या बाईंना तयार व्हायला जागा केली होती. मी गेले तेव्हा नटूनथटून वडापाव खात होत्या आणि मोबाईलवर घरी लेकीला भागाकार समजावत होत्या. "अगं, आधी वजाबाकी नीट कर ना!" मला हसूच आलं, माझ्या घरी लेकीबरोबर रोज हेच चालतं. फोन ठेवून त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, साउंडवाला तुमच्या खुणेवर चालतो ना? पोरं वर चढली तर गाणं बंद करायला सांगाल? मी आपण होऊन थांबले की लोक खवळतात. मागं एका गावात दगड आलेत."

मी हो म्हणाले. बोलायला काय जातं!

कार्यक्रम सुरू झाला. भाऊ पुढं सोफ्यावर, आणि बांबूंच्या कठड्यापलीकडे त्यांचा फोटो छातीवर छापलेली पोरंच पोरं. पहिल्या दोन गाण्यांना शिट्ट्या झाल्या, ठीक आहे. मग भाऊंनीच चिठ्ठी पाठवली, अमुक गाणं लावा. त्या गाण्याचे शब्द मी इथं लिहिणार नाही. सकाळी पिढी बिघडवणारी गाणी म्हणाले ती हीच की, मेली! मी गाणं जाहीर केलं आणि बांबू मोडले. सगळी गर्दी स्टेजला येऊन थडकली. एकजण वर चढला, त्यानं बाईंची ओढणी ओढली. त्या मागं सरकल्या. चेहऱ्यावर हसू तसंच, डोळे मात्र माझ्याकडे.

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ हसत होते. बोटानं गोल खूण केली, चालू द्या.

ऑर्डर गेली, असं पहिलं मनात आलं. दुसरं आलं ते याहून वाईट, की सोमवारपासून याच गावातून शाळेत चालत जायचंय, लेकीलाही जायचंय. आणि दुसरा पोरगा वर चढत होता. मी साउंडवाल्याकडे वळून हात आडवा केला. गाणं तुटलं.

ओढणीवाला चिडून वळला, आणि पाहते तर सकाळचाच माझा गुणी विद्यार्थी! मला बघून त्याचा चेहरा पडला. दोन पावलं पुढं आला आणि ओढणी हातात तशीच धरून वाकला, माझ्या पायाशी.

अंगाचा भडका उडाला. पाय मागं घेऊन मी म्हणाले, "माझ्या पाया कशाला पडतोस? ज्यांना हात लावलास त्यांची माफी माग!" माइक चालूच होता. सगळ्या बाजारतळानं ऐकलं.

पोरानं भाऊंकडे पाहिलं. मग भाऊ उठले. मी माइक दोन्ही हातांनी धरला. भाऊ वर आले, माझ्या हातातला माइक घेतला आणि काय बोलावं! "आमच्या मॅडमनी बरोबर शिकवलं. स्त्रीचा मान हा आपला संस्कार हाय. माग रे माफी." पोरानं मागितली. टाळ्याच टाळ्या. भाऊंनी हात जोडले, टाळ्या थांबू दिल्या, आणि म्हणाले, "हां, आता होऊ द्या परत तेच गाणं!"

साउंडवाला माझ्याकडे बघत राहिला. बाईंनी जेमतेम दिसेल एवढी मान हलवली, नको. मी म्हणाले, "नाही." आवाज असा फुटला की माझा मलाच ओळखू येईना. साउंडवाल्यानं मात्र ऐकलं, वायर काढली आणि बाईंना मागच्या मागं गाडीकडे नेलं. लोकांनी खुर्च्या फेकायला सुरुवात केली. त्या गोंधळात भाऊ माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, सोमवारी ऑफिसात या."

रविवार कसा गेला ते माझं मला माहीत. दारावर पेपरवाला जरी आला तरी छातीत धस्स व्हायचं. लेकीला मी अंगणातसुद्धा जाऊ दिलं नाही.

सोमवारी भाऊंनी मला बसा म्हटलं नाही. माझी ऑर्डरची फाईल समोर होती. त्यांनी ती उघडली नाही, नुसता हात ठेवला.

"घाबरलात जणू?"

"हो भाऊ. खूप घाबरले."

"मग एवढं भ्या वाटत होतं तर गाणं बंद का केलं?"

उत्तर मी दोन दिवस घोकलं होतं, चांगलं मऊ, माफीचं. ते आठवलंच नाही.

"त्या बाई माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या, भाऊ."