आमच्या वयनीची बंदूक

“भरलेली नाय हां, बसा बसा!” कुठंही शिरताना वयनीचं पहिलं वाक्य हेच. मग ते बारशाचं घर असो, दवाखाना असो, नाहीतर पोलादपूरच्या बाजारातलं सुक्या मासळीचं दुकान. उजव्या खांद्यावर ठासणीची लांब बंदूक आणि डाव्या हातात पिशवी. ओळखीचे लोक जागचे हलायचे नाहीत. अनोळखी मात्र हे ऐकून आणखीच उठायचे.

तुम्ही म्हणाल, बाईमाणूस आणि बंदूक? अहो, आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर रानडुकरं आणि वांदरं पीक म्हणून ठेवत नाहीत. त्यामुळे काही घरांना राखणीसाठी बंदुकीचा परवाना असतो. वयनीच्या नवऱ्याचा होता. नवरा गेल्यावर तिने खेटे घालून परवाना आपल्या नावावर करून घेतला. साहेबाने विचारलं म्हणे, “आजी, चालवता येते का?” तर ही म्हणाली, “नवऱ्याला तरी कुठं येत व्हती?”

वयनी म्हणजे माझ्या शेजारची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच दगडी गडगा. मी एकदा विचारलं, “वयनी, कधी बार काढलास का गो?”

“एकदा.”

“मग? डुक्कर पडलं?”

“कौलं पडली. आमचीच.”

तेव्हापासून बंदुकीच्या दारूचा डबा फळीवर चढला तो चढलाच. पण वांदरांना हे कोण सांगणार? त्यांना खांद्यावरची नळी दिसली की पुरे, सगळी टोळी रानात.

एसटीत कंडक्टर तिची थट्टा करायचा. “काकी, हिचं तिकीट?”

“बारकी हाय रे. अर्धं फाड.”

मी म्हणायची, शेतात ने, पण बाजारात कशाला मिरवतेस? तर म्हणे, “आमच्या दाराची कडी तुला ठावं हाय. कुणी उचलून नेलीन तर परवाना जायचा.” मग म्हणाली, “आन् घरात एकटी ठेवली का मला बाहेर करमत नाय.” नवरा होता तेव्हा बंदूक त्याच्या खांद्यावर आणि वयनी त्याच्या मागे, अशी ती तिघं सगळीकडे जायची. आता दोघी जात होत्या, एवढंच.

तिचा मुलगा मुंबईकडे, दिव्याला राहतो. गुणी आहे, पण आईला नेण्याचा ध्यास. त्या वर्षी गणपतीला आला आणि ओटीवर माझ्यासमोर म्हणाला, “आई, ह्या साली नाचणी वांदरांनी खाल्ली तर दिवाळीनंतर तू माझ्यासंगं दिव्याला. कबूल?”

“कबूल. आन् नाय खाल्ली तर परत नाव काढायचं नाय.”

नाचणी अशी भरली होती की कणसं मुठीसारखी वळलेली. आणि नेमकी निवडणूक लागली! निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. वयनी गेली, जमा करून आली. दुसऱ्या सकाळी वांदरं बांधावर हजर.

“त्यातल्या म्होरक्या बोक्यानं बघितलंन गो,” ती मला सांगत होती. “आधी माझ्या खांद्याकडं, मग माझ्या तोंडाकडं. आन् खाली उतरला!”

डबे बडवले, गोफण फिरवली, शिव्या तर अशा दिल्या की मी कानावर पदर घेतला. तरी कोपऱ्याची नाचणी गेलीच. त्या दुपारी वयनी कोयता घेऊन बसली. जुन्या नांगराचं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, तासलं, त्याला पाण्याचा काळा पाईप सुतळीने आवळला, पट्टा लावला आणि खांद्यावर टाकून उभी राहिली. “कशी दिसते?”

“तू का बंदूक?”

वांदरं फसली. पण निवडणुकीची जीप फसायची नव्हती, ती फसली! रस्त्यावरच करकचून थांबली. तरणा साहेब खाली उतरला. “आजी, बंदूक जमा करायची होती ना?”

“केलीय. ही तिची भैन.”

साहेबाने पाईप डोळ्याला लावला. पलीकडे त्याला आमची वाडी दिसली असणार, कारण तो बराच वेळ बघत राहिला. हवालदार तोंड फिरवून हसत होता.

“जप्त करावी लागेल, आजी. लोक घाबरतात.”

आता वयनीचा आवाज बदलला. “साहेब, लोकांचं मी बघते. पर वांदरांना तुमची आचारसंहिता नाय. नाचणी गेली तर मला हे घर सोडून जावं लागंल.”

मी मध्ये पडले, म्हटलं, ही रस्त्यावर नाही आणणार, शेतातल्या शेतात वापरील. त्याने पाईप वयनीच्या हातात दिला. “डांबरावर दिसली नाही पाहिजे.” वयनी लगेच उडी मारून डांबराखाली उतरली. त्या वयात!

नाचणी घरात आली. मुलाने भाकरी खाल्ली, दिव्याचं नाव काढलं नाही. निकाल लागल्यावर वयनीने ठाण्यातून बंदूक आणली आणि सासरहून आलेल्या लेकीचं तोंड पुसावं तशी पदराने पुसली.

एक साल बरं गेलं. मग गुडघे गेले. शेताची चढण चढवेना, तेव्हा तिनेच मुलाला फोन केला. “वांदरांनी नाय हरवलं, गुडघ्यांनी हरवलं,” म्हणाली. बंदूक कायमची जमा करायला आम्ही दोघी गेलो. परतताना तिने माझा दंड धरला होता, तो वाडी येईपर्यंत सोडला नाही.

परवा दिव्याहून फोन आला. “काय गो, वांदरं येतात काय?” इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, “इथं चालताना मी डावीकडं कलते गो. इतकी वर्सं उजव्या खांद्यावर तिचं वजन व्हतं ना! सून म्हणते डाक्तरला दाखवू. मी आपली पिशवी भरून उजव्या खांद्याला लावते नि खाली फिरते, मग नीट चालते.”

“पिशवीत काय भरतेस?”

“नाचणी,” वयनी म्हणाली. “दुसरं काय भरू?”