मागाच्या खड्ड्यात पाय

समतोल हा शब्द कुणी गोड आवाजात काढला की मी अजूनही सावध होते. आमच्या घरी तो बाईला गप्प बसवायला वापरायचे. परवा नातीनं कॉलेजच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. एक गोल, त्यात अर्धं काळं, अर्धं पांढरं, काळ्यात पांढरा ठिपका आणि पांढऱ्यात काळा. चीनमधल्या जुन्या लोकांचा विचार म्हणे, उलट्या गोष्टी एकमेकींना धरून असतात. मी विचारलं, हे फिरतंय का नुसतंच टांगून ठेवलंय? ती म्हणाली, फिरतंय असंच धरायचं. म्हटलं, मग त्या लोकांनी हातमाग बघितलेला असणार.

आमचा माग वडगावात, रस्त्यावरच्या खोलीतच होता. जमिनीत मांडीएवढा खड्डा, त्याच्या काठावर बसून विणकर पाय आत सोडणार. पायाखाली दोन पावड्या. एक दाबली की अर्धा ताणा, म्हणजे उभं सूत, वर जातो आणि अर्धा खाली. मधे वाट उघडते, तिच्यातून बाण्याचा, म्हणजे आडव्या सुताचा, धोटा पळवायचा. मग दुसरी पावडी दाबायची. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्याचं भारी कौतुक; एक वर, एक खाली, त्यातनंच कापड होतं म्हणायचे. ताणा कडक असावा, बाणा नरम असावा, दोघंही कडक झाले तर तुटतात आणि दोघंही नरम झाले तर लुगड्याचं फडकं होतं, असं ते धोटा टाकता टाकता सांगत राहायचे. आणि सगळ्या मागात कामाचा कोण, तर खड्डा, कारण त्यात काहीच नाही म्हणून तर पाय मावतात, असंही म्हणायचे.

त्या खड्ड्यात बाईचा पाय पडायचा नाही अशी आमच्या घराची रीत होती. सुताला खळ लावणं आईचं, रहाटावर सूत गुंडाळून धोट्यातल्या कांड्या भरणं माझं, आणि बसणार मात्र आप्पा. बाई बसली तर मागाला विटाळ होतो म्हणे. विटाळानं बंद पडलेला माग मी जन्मात बघितला नाही. आळसानं बंद पडलेले पुष्कळ बघितले.

लढाईचे दिवस होते. कॅम्पातनं सोल्जरांच्या लॉऱ्या धुरळा उडवत जायच्या आणि सुताची मारामार होती. अशात आप्पा विहिरीच्या पायरीवरून घसरले. कंबर दुखावली आणि डावा पाय लुळा पडला. हात शाबूत, डोळे शाबूत, पण एका पायानं दोन पावड्या कशा दाबणार? त्यांनी करून बघितलं. उजवाच पाय उचलून इकडं ठेवायचा, मग तिकडं. हाताची लय तुटायची, कापड कुठं दाट, कुठं विरळ पडायचं. शेवटी धोटा मांडीवर ठेवून ते भिंतीकडं तोंड करून बसले. माझा बाप रडताना मी पहिल्यांदा बघितला आणि मला दया यायच्या आधी राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

थोरले काका खासबागेत राहायचे, तेही विणकरच. त्यांनी निरोप धाडला की माग सोडवून माझ्या घरी नेतो, तिथला खड्डा रिकामाच आहे, तुमचा बुजवून टाका. पोरगीनं माझ्याकडं येऊन कांड्या भराव्यात, लगीन ठरेपर्यंत. म्हणजे माग त्यांचा, बसणार त्यांचा मुलगा, आणि मी त्याच्या हाताखाली. माग गेला असता तर आप्पा भिंतीकडं तोंड करूनच मेले असते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले. आई म्हणाली, बाई गं, कोण करून घेणार तुला? मी म्हटलं, न करीनात. आप्पांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, दोन्ही पाय एकदम दाबू नकोस. झालं, तीच परवानगी. पुढं दार लोटून घ्यायचं आणि शिकायचं. मी धागा बसवायची फणी रागानं ठोकायची, त्यानं कापड नको तितकं दाट पडायचं. आप्पा म्हणायचे, "राग हातात नको गं. पायात ठेव." तेवढं मला जमलं. राग मला कमी नव्हताच.

पण मागाचा आवाज दाराआड राहतो होय? गल्लीला कळलं, मग खासबागेला कळलं. काका दोन गडी आणि दोर घेऊन भरदुपारी आले. आप्पांनी तोंड पुन्हा भिंतीकडं केलं. मी विणत होते, उठले नाही. गडी दारातच घुटमळले. काका आरडाओरडा करणारे नव्हतेच. आवाज गोड लावून म्हणाले, "पोरी, घरात एक वर असतोय, एक खाली असतोय. तुझाच बाप सांगतोय न्हवं? त्येनंच समतोल ऱ्हातोय."

ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. बापाचंच बोलणं, त्याचाच दोर करून आणला होता माझ्यासाठी. मी धोटा थांबवला.

"व्हय काका," मी म्हटलं. "पर पाय बदलावा लागतोय. एकच पावडी दाबून धरलासा तर घातलेला धागा तसाच माघारी निघतोय. तुमी विणकर हाईसा, तुमाला म्हाईत हाय."

काकांना खरंच माहीत होतं. सगळं आयुष्य त्यांनी तेच केलं होतं. ते तोंड कडू करून हसले आणि शेवटचा घाव घातला. म्हणाले, "आणि तू हितं बसलीस तर कांड्या कोण भरणार? बाप भरणार व्हय?"

गडी हसले. पुरुषानं रहाट फिरवायचा म्हणजे मिशी उतरवून दारात टांगण्यासारखंच होतं आमच्यात. आई पदराचं टोक तोंडात धरून उभी.

आप्पांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"भरतो की," ते म्हणाले. "रहाट दारात आण गं. हितं अंधार हाय."

उजेड आत पुष्कळ होता. आईनं रहाट उंबऱ्यापाशी ओढला. आप्पा हातांवर सरकत गेले आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. काका त्यांना ओलांडून बाहेर पडले, दोर गड्याच्या खांद्यावरच राहिला. पुढं दिवाळीला ते आमच्याकडं फिरकले नाहीत, आणि आम्हीही बोलावणं धाडलं नाही. गल्लीतले लोक मुद्दाम दारावरून जायचे, खोकायचे, हसायचे. आप्पा त्यांना म्हणायचे, या, बसा की, शिकवतो.

पण त्या दुपारी मात्र त्यांनी भरलेली पहिली कांडी ढिली होती. धोट्यात अडकली, सूत गुंतलं. मी ती उपसून काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

"लई ढिली झालीया, आप्पा," मी म्हटलं. "परत भरा."

आणि त्यांनी मान खाली घालून ती परत भरली.