दोरीच्या पुढचा समुद्र

तुमची वाट अडवणारी दोरी कोणी बांधली, कोणाच्या परवानगीने बांधली, हे न विचारताच तुम्ही आजवर कितीदा मागे फिरलात?

आमच्या घरात मागे फिरणं हा जवळजवळ गुन्हाच होता. नव्वदच्या दशकात नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि तिथल्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. आई मजकूर लिहायची, बाबा छापून आणायचे, मी घड्या घालायचे. पाण्याचं पत्रक, रेशनचं पत्रक, जंगलजमिनीचं पत्रक. अक्षरं शाळेत शिकले, पण वाक्यं मी त्या पलंगाशेजारी शिकले. आई अजून सांगते, मी दुसरीत असताना आइस्क्रीमसुद्धा 'आमची मागणी आहे की' असं म्हणून मागायचे.

बी.ए. झाल्यावरच्या हिवाळ्यात मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक टाकून निघालो. ती मनमाडची, वडील रेल्वेत. तेरेखोलच्या खाडीपासून उत्तरेकडे चालत सुटायचं आणि महाराष्ट्राचा किनारा संपतो त्या झाई गावापर्यंत जायचं, असा बेत होता. नियम एकच: समुद्र कायम डाव्या हाताला. खाडी आली तर होडी चालेल, पण एसटी नाही, रिक्षा नाही, कोणाच्या स्कूटरवर मागे बसणं नाही. मुंबईत समुद्र इमारतींच्या मागे कुठेतरी असेलच अशा भरवशावर आम्ही फुटपाथ तुडवले, पण नियम मोडला नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी आम्ही डहाणूच्या अलीकडे होतो. झाई उद्यावर आली होती. माझ्या सँडलचा तळ जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधलेला होता, केस मिठाने ताठ झाले होते, आणि कुठली वाळू पाय धरते नि कुठली ढकलते हे आता न बघता कळत होतं. बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. त्या वासाने पहिल्या आठवड्यात मी नाक दाबलं होतं, आता त्याच वासाने भूक लागत होती. मला ओरडावंसं, पळावंसं वाटत होतं. मैत्रीण म्हणाली, "पळ ना. सॅक माझ्याकडे देऊ नकोस, एवढंच."

आणि समोर दोरी आली.

सुरूच्या बनातून खांब रोवत थेट पाण्यापर्यंत आणलेली जाड दोरी. तिच्यावर पाटी: खाजगी किनारा, प्रवेश बंद. पलीकडे एका रिसॉर्टच्या पांढऱ्या खुर्च्या. दुपारचा एक वाजला होता, भरती पुरी भरली होती आणि शेवटच्या खांबावर लाटा फुटत होत्या. दोरीमागे निळ्या गणवेशातला वॉचमन. चाळिशीचा, बारीक, पायात मोठे काळे बूट.

"म्याडम, वाट बंद हाय. मागं फिरा. गावातून डांबरी रस्ता जातो."

डांबरी रस्ता म्हणजे समुद्र सोडून तीन तासांचा वळसा. त्रेचाळिसाव्या दिवशी. माझं डोकं फिरलं. किनारा सगळ्यांचा असतो, भरतीच्या रेषेपर्यंत कोणाला कुंपण घालता येत नाही, हा कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीवर घाला आहे, असं मी एका दमात बोलले. घडी घातलेलं प्रत्येक पत्रक माझ्या तोंडून बाहेर पडत होतं.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "असंल," तो म्हणाला. "मला काठी दिलीय, पुस्तक नाय दिलं."

मैत्रीण फसकन हसली. त्यामुळे मी आणखी पेटले. सॅकमधून वही काढली. "तुमचं नाव सांगा. मी कलेक्टरकडे तक्रार करणार आहे."

तेव्हा त्याचा हात छातीवर गेला. खिशावर नावाची छोटी पट्टी होती, ती त्याने तळव्याने झाकली. आणि मघापासून 'म्याडम' म्हणणारा तो माणूस म्हणाला, "नाव नका लिहू, बाई."

मैत्रिणीने विचारलं, "कुठले तुम्ही?"

"पेठकडचा."

"आम्ही नाशिकहून आलो."

"मंग शेजारीच की. मला वाटलं पेपरवाले हाय." पण हात छातीवरून निघाला नव्हता. मग तो हळू आवाजात बोलायला लागला. आधीच्या वॉचमनने दोन कोळणींना टोपल्या घेऊन दोरीखालून जाऊ दिलं, म्हणून त्याला काढलं. "दिवाळी झाली का आम्ही घर बंद करायचो. म्या द्राक्षाच्या बागंत, बायको वीटभट्टीवर. ह्या साली पहिल्यांदा दोघं एका जागी हाय. ती आतच चादरी धुती. म्या गेलो का तीबी गेली."

त्याने डोळ्यांनीच वर दाखवलं. गॅलरीत पांढऱ्या शर्टातला मॅनेजर चहा पीत आमच्याकडे बघत होता.

पेठ-सुरगाण्याहून मजुरीला बाहेर पडणाऱ्या माणसांवरचं एक पत्रक आमच्या घरात निघालं होतं. पिवळा कागद होता, मला रंग आठवतो. त्याच्या शेकडो घड्या मी घातल्या होत्या. आणि त्यातलाच एक माणूस समोर उभा होता, आणि तो मॅनेजरला जितका भीत होता तितकाच माझ्या वहीला. मी वही बंद केली. एवढा वेळ बडबडल्यावर सॉरी म्हणायलाही लाज वाटली.

"आता?" मी मैत्रिणीला विचारलं.

"आता काय, तू दोरी ओलांडलीस तर उद्या झाईला फोटो काढशील, आणि हे दोघं पुन्हा एक बागेत, एक भट्टीवर. डांबरीने जाऊ."

"घाई हाय का?" तो मध्येच म्हणाला. "कालच अवस झाली. आज पाणी लय लांब जाईल. माझी काठी दोरीपर्यंत. दोरी सरली का तिथं म्या नाय आन् साहेबबी नाय. कोळणी आता तिथनंच जात्यात. फक्त पुढं गाळ हाय. कंबरेइतका रुततो माणूस."

"मग कळणार कसं?"

"कळंल."

आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. मी दर दहा मिनिटांनी उठून पाण्याच्या कडेला काटकी रोवून येत होते. मैत्रीण सॅकवर डोकं ठेवून पडली होती. "आमच्याकडे सिग्नल पडेपर्यंत गाडी थांबते," ती डोळे न उघडता म्हणाली. "गाडी भाषण करत नाही."

तीन वाजता शेवटचा खांब बुडापर्यंत उघडा पडला. चार वाजता दोरी कोरड्यावर संपत होती आणि तिच्या पुढे ओली, चकाकणारी, मैलभर वाळू. पाणी अजून मागे जात होतं. पाच वाजता आम्ही निघालो. समुद्र डाव्या हाताला, शेवटचा खांब उजव्या हाताला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. कर्कश्श, लांब. वॉचमन दोरीला चिकटून उभा होता आणि काठी उगारून ओरडत होता, "ओ बाई, लांब व्हा, लांब." माझं रक्त पुन्हा उसळलं. मैत्रिणीने दंड धरला. "काठी बघ." काठी डावीकडे जात होती. आम्ही डावीकडे सरकलो. पन्नास पावलांवर उजव्या हाताला वाळू काळी पडून थरथरत होती. गाळ. पुन्हा शिट्टी, काठी समोर. आम्ही सरळ चाललो. त्याने आतून धावत रिसॉर्टचा सगळा किनारा आमच्या बरोबरीने कापला, शिट्ट्या फुंकत. गॅलरीतल्या मॅनेजरला दोन पोरींना हुसकावणारा कडक वॉचमन दिसत होता. आम्हाला वाट दिसत होती. मी वाळूत साचलेल्या पाण्यातून हसत, सॅक डोक्यावर धरून जवळजवळ नाचत चालले होते, आणि तो जितकं रागावून ओरडत होता तितकं मला जास्त हसू येत होतं.

पलीकडच्या खांबापाशी तो थांबला. त्याने काठी एकदा आपटली आणि पाठ फिरवली. बूट मात्र कोरडेच होते. आठ महिने समुद्र राखत होता, पण पाय बुडवायला ड्युटीत परवानगी नव्हती, हे मघाशी त्यानेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाई आली. समुद्र डाव्या हाताला होता. नाशिकला पोचल्यावर मी तक्रार लिहिली, रिसॉर्टचं नाव, खांबांची जागा, सगळं. वॉचमनचा उल्लेख केला नाही. आईने मजकूर वाचला आणि म्हणाली, "बरं लिहिलंस. आरडाओरडा कमी आहे." मग या वेळी कागदाची घडी तिने घातली.

तुम्हीही समुद्रावर जाल. अशी दोरी दिसली तर मागे फिरू नका. खांबांची जागा टिपून घ्या, मालकाचं नाव शोधा आणि तक्रार लिहा. ओहोटीची वाट बघा, गाळ कुठे आहे ते विचारून घ्या आणि पलीकडे चालत जा. पण दोरीपाशी काठी घेऊन जो उभा असेल, त्याचं नाव मात्र वहीत लिहू नका.