एकशे वीस सेकंद

गावातला जवान सीमेवर शहीद झाल्याची बातमी देवरीत पोहोचली ती ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत. पार्थिव दुसऱ्या दिवशी यायचं होतं. त्याच्या आदल्या सकाळी चौकात श्रद्धांजलीची सभा ठेवली. मी सतरा वर्षं फौजेत काढलेली, आता इथल्या एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसतो. त्यामुळे असं काही असलं की लोक माझ्याकडेच येतात. दोन मिनिटांचं मौन कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, हे माझ्या शिट्टीवर ठरायचं.

या मौनाबद्दल मी फार कडक होतो. त्याला कारण होतं. नोकरीत असताना माझ्या शेजारच्या खाटेवरचा एक सोबती गेला. त्यानंतर सुट्टीवर आलो, तेव्हा असंच एक मौन पाळलं जात होतं. माझ्या पुढचे दोघं मोबाइलमध्ये काहीतरी पाहत खिदळत होते. ते हसणं माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. पेन्शन घेऊन परतल्यावर मी ठरवलं की निदान माझ्यासमोर असं होऊ द्यायचं नाही. एकदा मौन चालू असताना एका चहावाल्यानं स्टोव्हला पंप मारला, तर शिट्टी झाल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर असा झापला की बिचारा रडकुंडीला आला. लोकांनी माझी पाठ थोपटली. मलाही ते बरं वाटलं होतं.

त्या सकाळी गर्दी खूप होती. पोरांनी मोटरसायकली आडव्या लावून चारही रस्ते अडवले. मी म्हणालो, "बरोबर केलं." हे माझेच शब्द.

शिट्टी वाजवली. माना खाली गेल्या. मी मात्र घड्याळाकडे पाहत होतो, तेच माझं काम. चाळीसएक सेकंद झाले असतील, तेवढ्यात जंगलाकडच्या रस्त्यानं एक ऑटो आला आणि मोटरसायकलींपाशी अडला. हॉर्न वाजला. आधी दोनदा छोटा, मग एक लांब, थांबायचं नाव न घेणारा.

माझं डोकं गरम झालं. इतके लोक उभे आहेत, दिसत नाही का याला? दोन पोरं रांगेतून सरकली, काही न बोलता ऑटोपाशी गेली आणि एकानं किल्ली काढून घेतली. हॉर्न थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. पस्तिशीचा, सावळा, काटक माणूस, अंगात खाकी शर्ट. त्यानं हात जोडले. दोन पावलं पुढं आला आणि तोंड उघडलं. "सा..." एवढंच ऐकू आलं. मागून एका पोरानं त्याच्या तोंडावर पंजा दाबला.

मला वाटलं, तो 'साहेब' म्हणत होता. त्या क्षणी खरंच तसं वाटलं की मी तसं वाटू दिलं, हे मला आजही सांगता येत नाही.

तो सुटायला धडपडत होता, पण आवाज न करता. तोंडावर हात असलेला माणूस डोळ्यांनी किती ओरडू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं. त्याचे डोळे माझ्यावर होते. ऑटोच्या पडद्याआडून एक बाई कुणाशीतरी हलक्या आवाजात, घाईघाईनं बोलत होती. सगळ्या चौकात तेवढाच आवाज. कुणीतरी तिच्याकडं पाहून ओठांवर बोट ठेवलं.

शिट्टी माझ्या तोंडात होती. ती फुंकली असती तर सगळं तिथंच मोकळं झालं असतं. चाळीस सेकंद उरले होते. मी ते मोजले. तीस. वीस. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही.

एकशे वीस झाले आणि मी शिट्टी वाजवली.

पोरं जणू तिचीच वाट पाहत होती. पहिली चापट मी ऐकली, मग नुसता गलका. "गद्दार साला!" "शहीद के लिए दो मिनट नहीं रुक सकता?" "मुंडी खाली करता येत नाही का बे?" ड्रायव्हर खाली पडला. त्या गलक्यात पडदा बाजूला झाला आणि आतल्या बाईनं किंकाळी फोडली, "साप चावला जी! माह्या बहिणीले साप चावला!"

मी धावलो. लोकांना ढकलत ऑटोपाशी पोहोचलो. आत पंचविशीची एक बाई बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, घोट्याच्या वर दुपट्टा घट्ट आवळलेला. पापण्या मिटत होत्या, ती उघडायचा प्रयत्न करत होती, उघडत नव्हत्या.

"बोल ना वो, बोल माह्याशी," बहीण तिचे गाल थोपटत म्हणत होती. "झोपू नको."

"किल्ली कोणाकडं आहे?" मी ओरडलो. ज्यानं घेतली तो पोरगा गर्दीत कुठं गेला कळेना. पुन्हा विचारलं. लोक एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले. तेव्हा सभा भरवणारे गृहस्थ, ज्यांचं भाषण अजून व्हायचं होतं, माइक टाकून आले आणि म्हणाले, "माझ्या जीपमध्ये टाका." ड्रायव्हर उठून आला होता. ओठ फाटला होता, शर्टावर रक्त सांडलं होतं. त्यानं खांद्याकडून धरलं, मी पायांकडून. आम्ही दोघांनी तिला उचललं. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

दवाखाना तिथून पाच मिनिटांवर. इंजेक्शनं सुरू झाली, श्वास जड व्हायला लागला म्हणून तिला गोंदियाला हलवलं. चार दिवस मशीनवर होती. या चार दिवसांत पार्थिव आलं, फुलं उधळली गेली, मी वर्दी घालून सलामी दिली. हात कपाळाशी होता आणि मनात फक्त त्या बाईच्या पापण्या. पाचव्या दिवशी कळलं, ती वाचली.

डॉक्टरांना मी गोंदियात जाऊन विचारलं होतं, त्या दोन मिनिटांनी काही फरक पडला का. ते म्हणाले, "दोन मिनिटांचं सांगता येणार नाही. पण तुमचा रस्ता किती वेळ बंद होता?"

ड्रायव्हरचं गाव जंगलात, आठ-दहा कोस आत. मी पंधरा दिवसांनी गेलो. तो ऑटो धूत होता. बसा म्हणाला नाही. मी उभ्याउभ्याच माफी मागितली.

"तुमी मारलं नाही मले," तो म्हणाला.

"थांबवलंही नाही."

"तेच." त्यानं फडकं पिळलं. "तुमी घड्याळ पाहून राहिले होते. मी तुमाले पाहून राहिलो होतो. मले वाटलं, हा फौजी माणूस आहे, याले समजन."

त्यानं फडकं ऑटोच्या काचेवरून फिरवलं.

"उभं राहाले माही ना नाही जी," तो म्हणाला. "माह्या काकाले जंगलात गोळी लागली, कोणाची ते आजपावेतो मालूम नाही. त्याच्यासाठी कोणी उभं नाही राहिलं. तरी मी राहतो उभा. पण तोंड दाबून कायले?"

यानंतर मी शहिदाच्या वडिलांना भेटलो. सांगू की नको, असं करत महिना गेला होता. बांधावर बसून सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. म्हाताऱ्याचा चेहरा कठीण होत गेला.

"म्हणजे माह्या पोराचं नाव घेऊन मारलं त्याले?"

"हो."

"मले कोणी सांगतलं नाही. मौन केलं, एवढंच सांगतलं. लय लोक होते म्हणे." त्यांनी मूठभर चिखल उचलला आणि बांधावर आपटला. "माह्या पोरानं कोणावर हात नाही उचलला गावात. त्याचं नाव काऊन मधात आणलं तुमी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी उठलो तेव्हाही ते तसेच बसून होते. मला वाटलं होतं, सांगून मन हलकं होईल. झालं नाही, आणि ते व्हायलाही नको होतं.

पुढच्या वर्षी पुण्यतिथीच्या आधी सभा भरवणारी मंडळी माझ्या घरी आली. मी म्हणालो, "मौन ठेवा. पण रस्ता बंद नाही करायचा. ज्याला थांबायचं तो थांबेल, ज्याला जायचं त्याला जाऊ द्या."

"मग मौन कसलं? गाड्या वाजतील की."

"वाजू द्या."

"हवालदार, तुम्ही असं बोलता?" एकजण म्हणाला. "तुमच्या तोंडी हे शोभत नाही."

"मागच्या वर्षी जे केलं ते शोभलं का?"

त्यांच्यातला एक जण उठून बाहेर गेला. दुसऱ्यानं विचारलं की मी त्या ड्रायव्हरच्या बाजूनं आहे की शहिदाच्या. या दोन बाजू आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. बायकोनं चहा आणला तो कुणी घेतला नाही. त्यांनी वेळ सांभाळायचं काम दुसऱ्याला दिलं.

मौन मी अजूनही पाळतो. पाळावं असंच मला वाटतं. गेलेल्यांसाठी माणूस दोन मिनिटं थांबू शकत नसेल तर कशासाठी थांबणार? पण ज्याला थांबायला लावावं लागतं, त्याचं थांबणं कुणाच्या कामाचं, हे मला सांगता येत नाही.

त्या दिवशी मी चौकात गेलो नाही. जंगलाकडच्या रस्त्यावर, चौकाच्या अलीकडच्या वळणाशी जाऊन उभा राहिलो. मोटरसायकली या वर्षीही आडव्या होत्या. मी एक बाजूला घेतली. ज्याची होती तो पोरगा माझ्याकडं रोखून पाहत राहिला. त्यानं ती पुन्हा आडवी लावली. मी पुन्हा बाजूला घेतली. मग चौकातून शिट्टी आली आणि त्यानं मान खाली घातली. मीही घातली, पण एक हात त्याच्या गाडीच्या हँडलवर घट्ट धरून.