चैतीची टेकण

जव्हारच्या युसुफच्या झेरॉक्सच्या दुकानात सपनाने पेनड्राइव्ह दिला. पडद्याकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, अर्धी पानं लाल हायेत. कलर काढू का ब्लॅक?"

"कलर," सपना म्हणाली. लाल तेवढंच वाचायचं होतं.

विद्यापीठाच्या तपासणीत तिच्या पीएचडीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सेहेचाळीस टक्के दुसरीकडून उचललेलं निघालं होतं. दहाच्या वर गेलं की प्रबंध परत. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. महिनाअखेरीस दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षांवर पाणी.

प्रकरण सूर्यमाळच्या पाणवाटेवर होतं. पाड्यावरून झऱ्याकडे जाताना बायकांनी तेवीस जागांना नावं दिली आहेत. ती नकाशात नाहीत. पुरुषांना निम्मीही ठाऊक नाहीत. एका वळणाचं नाव 'सासूनजर'. तिथवर घरातून दिसतं, म्हणून तिथवर झपझप चालायचं, पुढे गप्पा. ही सगळी नावं तिला आत्याने, गौराबाईने, पाणी वाहता वाहता सांगितली होती. दुसऱ्या वर्षी सपनाने टिपणांची वही सरांकडे, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांकडे नेली. "छान आहे. राहू दे माझ्याकडे," ते म्हणाले होते.

अहवालाच्या शेवटच्या पानावर लाल ओळींचं मूळ दिलं होतं. सरांचाच लेख, तीन वर्षांपूर्वी छापलेला. नावं तिची, वाक्यं तिची. झऱ्याचं अंतर तिने वहीत चुकीचं टाकलं होतं, तेही तसंच. सरांची भर एकच होती. 'चैतीची टेकण' या नावापुढे तिने वहीत काही लिहिलं नव्हतं. लेखात तिथे चैत्रात पूजल्या जाणाऱ्या जलदेवतेचं प्राचीन ठाणं होतं.

चैती गौराबाईची शेजारीण. तिला दमा आहे. रोज त्या दगडाला टेकून ती श्वास घेते.

पहाटेची एसटी धरून सपना विद्यापीठात गेली. सरांनी अहवाल चाळला.

"तांत्रिक बाब आहे. माझा मजकूर अवतरणचिन्हांत टाक, खाली संदर्भ दे. टक्के उतरतात."

"सर, टिपणं माझी होती."

"छापली होतीस कुठे?"

ती म्हणाली, "निदान चैतीचं बदलू द्या. ती देवी नाही. आत्याची शेजारीण आहे. जिवंत आहे."

सर हसले. "आणि संदर्भ काय देणार? शेजारीण?" त्यांनी अहवाल तिच्याकडे सरकवला. "बाहेरचे परीक्षक माझा लेख वाचून येतील. आणि प्रबंधावर सही मला करायची आहे, सपना."

मोखाड्याच्या आपल्या भाड्याच्या खोलीत दोन दिवस बसून तिने एक्केचाळीस ठिकाणी अवतरणचिन्हं घातली आणि प्रत्येक ठिकाणी खाली सरांचं नाव. देवी होती तिथेच राहिली. टक्के सातवर आले. गौराबाईचं नाव ऋणनिर्देशात उरलं, ग्रंथपालांच्या खालोखाल. सरांनी त्याच दिवशी सही केली.

प्रबंध दाखल झाल्यावरच्या रविवारी ती सूर्यमाळला गेली आणि आत्याबरोबर पाण्याला निघाली. परतताना चैती दगडाला टेकलेली होती, भरलेला हंडा बाजूला.

"सपने, झालं का तुझं बुक?"

"झालं."

"मी हाय ना त्यात?"

"आहेस."

"काय लिवलंस?"

"देवी आहेस म्हणून."

चैती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबायला बराच वेळ लागला. "मंग देवीच्या डोईवर हंडा कोण देनार? लाव हात."

सपनाने हात लावला. चैती पुढे गेली.

गौराबाई हसली नव्हती. "मी असं सांगितलं व्हतं तुला?"

"नाही."

"मंग?"

"छापलंय तसं," सपना म्हणाली. सासूनजर अजून लांब होतं, तरी ती झपझप चालू लागली.