माझ्यावर सोपवलेले फोन

माझा नवरा जानेवारीत गेला. सकाळी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून उतरला आणि तिथेच पडला. हार्ट अटॅक. तो गाड्यांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहायचो, मी अजूनही तिथेच राहते. मुलगी तेव्हा अकरावीत होती. ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी आलं होतं, त्यामुळे घर आवरून नागपूरला परत जायची वेळ आली नाही. भेटायला येणारे सगळे हेच म्हणायचे, एवढं तरी बरं झालं. मी मान हलवायचे.

पंधरा दिवसांनी मी कामावर रुजू झाले. मी एका मध्यम आकाराच्या अकाउंटिंग फर्ममध्ये होते आणि टॅक्सचा सीझन सुरू झाला होता. काम भरपूर होतं, मी ते नीट करत होते. एकही चूक झाली नाही. घरी आल्यावर स्वयंपाक करायचे, बर्फ पडला असेल तर ड्राइव्हवे साफ करायचे, मुलीला विचारायचे, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "आय'म फाइन, आई." मग ती तिच्या खोलीत, मी माझ्या. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, किती धीराची आहे ही. धीरबीर काही नव्हता. आत काहीच नव्हतं, एवढंच. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

आमच्या ऑफिसात एक सीनियर मॅनेजर होत्या. कृष्णवर्णीय, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, केस अगदी बारीक कापलेले. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, पण मनात मी त्यांना शाळेतल्या शिक्षिकेसारखं 'बाई'च म्हणायचे. एप्रिलमध्ये सीझन संपला त्या आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"तुझे दोन पेपर राहिलेत ना?" त्यांनी विचारलं.

इथल्या अकाउंटंटच्या लायसन्सची परीक्षा चार पेपरांची असते. नवरा असताना मी दोन पास झाले होते. ठरलेल्या मुदतीत उरलेले दोन झाले नाहीत, तर आधीचेही बाद होतात.

"मी आता परीक्षा देणार नाहीये," मी म्हटलं.

"मी ते विचारलं नाही. शनिवारी सकाळी दहाला आमचा अभ्यासवर्ग असतो. ये."

त्यांची ती संस्था मला ऐकून माहीत होती. डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय अकाउंटंट आणि बिझनेसमधल्या लोकांनी चालवलेली. परीक्षेची तयारी, इंटरव्ह्यूचा सराव, कॉलेजच्या मुलांना शिष्यवृत्त्या, असं त्यांचं काम. पगारी माणूस एकही नाही.

"पण ती तुमच्या लोकांसाठी आहे ना?" मी विचारलं.

"हो. आणि खुर्च्या उरतात," त्या म्हणाल्या. "कोणाशी बोलायची सक्ती नाही. कॉफी वाईट असते, घरून घेऊन ये."

नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून मी गेले.

पंचाहत्तर नंबरच्या हायवेने दक्षिणेला पंचवीस मिनिटं. एका चर्चचं तळघर होतं. खाली उतरलं की लांबट हॉल, घडीच्या खुर्च्या, एक पांढरा फळा आणि पंधरा-वीस माणसं. बँकेत काम करणारे, शहराच्या ऑफिसात काम करणारे, दिवसा नोकरी करून कॉलेज करणारे. मी मागच्या रांगेत बसले. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. एकाने नुसतीच शेजारची खुर्ची ओढून माझी पर्स ठेवायला जागा केली.

नंतर मी दर शनिवारी जायला लागले. मंडळातल्या एका मैत्रिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, त्या एरियात एकटी ड्राइव्ह करत जातेस? त्यापेक्षा माझ्याकडे ये ना ब्रेकफास्टला." मी म्हटलं, "सकाळी दहाला जाते आणि एकला परत येते." तिला बरंच काही बोलायचं असावं. मी विषय वाढवला नाही.

ही संस्था कशी सुरू झाली ते बाईंनी मला एकदा खुर्च्या घडी करताना सांगितलं. पूर्वी लायसन्स हवं तर आधी एखाद्या लायसन्स असलेल्या अकाउंटंटच्या हाताखाली काम करावं लागायचं, आणि तसे अकाउंटंट बहुतेक सगळे गोरे. ते कृष्णवर्णीय माणसाला कामावरच घेत नसत. परीक्षा पास झालेले लोक वर्षानुवर्षं नुसते बसून राहायचे. मग ज्या थोड्यांना लायसन्स मिळालं होतं, त्यांनी एकेकाला आपल्या हाताखाली घेतलं. बाईंचे पहिले साहेब त्यांतलेच एक. "त्यांच्या ऑफिसात टेबल एकच होतं," त्या म्हणाल्या. "मी समोरच्या बाजूला बसायची. पाय ठेवायला जागा नसायची."

एका शनिवारी कोणीतरी कामावरच्या अनुभवांचा विषय काढला. एक जण म्हणाला, "मी इतकी वर्षं ऑडिट करतोय, अजूनही क्लायंटच्या ऑफिसात गेलो की मला प्रिंटर दुरुस्त करायला आलायस का विचारतात." सगळे हसले. तसं हसणं मी नागपूरला आजारी माणसाच्या घरी ऐकलं आहे.

त्या दिवशी बाईंची गाडी दुरुस्तीला होती, मी त्यांना घरी सोडायला निघाले. गाडीत म्हटलं, "मी ऑफिसात पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्हाला रिसेप्शनिस्ट समजले होते."

"माहीत आहे. तू माझ्याकडे पार्किंगचा पास मागितलास."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"पास दिला ना मी तुला आणून."

मी सॉरी म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बराच उशीर केलास." मग थोड्या वेळाने, "पण म्हणालीस."

मला शरम वाटायला हवी होती. ती आत कुठे वाटते ते मला आठवत होतं, पण तिथे चाचपून पाहिलं तर काही हाती लागत नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे काढली.

उन्हाळ्यात मी तिसरा पेपर दिला आणि पास झाले. तोवर मी संस्थेत हजेरी घेणं, ईमेल पाठवणं अशी बारीकसारीक कामंही करू लागले होते.

सप्टेंबरमध्ये एक पत्र आलं. एक मोठी फर्म दरवर्षी संस्थेच्या शिष्यवृत्त्यांचा भार उचलायची. त्यांनी कळवलं होतं की एका विशिष्ट समाजासाठी असलेल्या उपक्रमांना मदत करणं यापुढे त्यांच्या धोरणात बसणार नाही. खाली शुभेच्छा होत्या. मुलांची निवड तर उन्हाळ्यातच झाली होती, त्यांना कळवलंही होतं.

कमिटीचे लोक हॉलमध्ये बसले. मी कमिटीत नव्हते, पण कागद माझ्याकडे होते म्हणून मीही बसले. कोणी रागावून बोललं नाही. असं होणार हे जणू त्यांना आधीच ठाऊक होतं. एकाने सुचवलं, ईमेल पाठवू या.

"नाही," बाई म्हणाल्या. "निवड झाल्याचं आपण फोन करून सांगितलं होतं. हेही फोन करूनच सांगायचं."

पहिला फोन त्यांनीच केला. वाढदिवसाला करावा तसा हसऱ्या आवाजात सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. पलीकडची मुलगीच त्यांची समजूत घालत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, यादी माझ्यापुढे सरकवली.

"बाकीचे तू कर," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज हलत नाही."

त्यांनी ते सरळ सांगितलं, टोमणा नव्हता. मी यादी घेऊन शेजारच्या खोलीत गेले. तिथे रविवारी लहान मुलांचा वर्ग भरायचा, त्यामुळे सगळ्या खुर्च्या बुटक्या. गुडघे छातीशी घेऊन बसले आणि एकेक नंबर लावत गेले. मी अमुक संस्थेकडून बोलते आहे. वाईट बातमी आहे. तुमच्या निवडीत काही चूक नव्हती, निधी बंद झाला आहे. एक मुलगा नुसता "ओके, मॅम" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. एका मुलाच्या आईने फोन घेतला, तिने मला तीनदा विचारलं, "पण त्याने काय चूक केली?" मी तीनदा उत्तर दिलं, तिन्ही वेळा त्याच शब्दांत. आवाज खरंच हलला नाही. दोन फोन झाले की मी पाण्याचा घोट घ्यायचे.

शेवटचं नाव एका पन्नाशी उलटलेल्या बाईचं होतं. बरीच वर्षं शाळेची बस चालवून तिने अकाउंटिंगच्या डिग्रीला प्रवेश घेतला होता. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी माझी वाक्यं म्हटली. पलीकडे मागे कुठेतरी टीव्ही चालू होता.

"किती फोन केलेस आज?" तिने विचारलं.

"तुमचा शेवटचा."

"सगळे असेच?"

"हो."

"कसं वाटतंय तुला?"

असा प्रश्न मला त्या वर्षात खूप लोकांनी विचारला होता. त्यावर माझी उत्तरं तयार होती. पण त्या बुटक्या खुर्चीवर तयार उत्तर सापडलं नाही.

"काहीच वाटत नाही," मी म्हटलं. "माझा नवरा जानेवारीत गेला. तेव्हापासून काहीच वाटत नाही. म्हणूनच त्यांनी हे काम मला दिलं."

हे मी आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही, मुलीला नाही. एका अनोळखी बाईला सांगितलं, तेही तिची शिष्यवृत्ती गेल्याचं सांगून झाल्यावर.

तिने सॉरी वगैरे म्हटलं नाही. म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हा मी दुसऱ्या सोमवारी बस घेऊन निघाले होते. एकही स्टॉप चुकला नाही. लोकांना वाटलं मी खंबीर आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. खूप दिवस तशीच चालवली बस."

"नंतर बरं वाटलं?"

"एकदम नाही वाटत गं. एक दिवस मागच्या सीटवरच्या पोरांनी आरडाओरडा केला आणि मला त्यांचा राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, तर ते तेच. मी त्यांना काही बोलले नाही. येऊ दिला राग." जरा थांबून ती म्हणाली, "तुझी मुलं?"

"एक मुलगी."

"तिच्याशी बोलतेस का?"

"ती बरी आहे म्हणते."

"तूही तेच म्हणतेस ना सगळ्यांना?" ती म्हणाली.

मी बाहेर आले तेव्हा बाई एकट्याच बसल्या होत्या. मी सांगितलं, सगळे झाले. त्यांनी यादी घेतली, माझा कोट आणून दिला आणि तो मी घालेपर्यंत कॉलर धरून उभ्या राहिल्या.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. सभासदांनी आपसात जमवाजमव करून तिघांची सोय केली. बाकीच्यांची झाली नाही. बस चालवणाऱ्या त्या बाईचं नाव तिघांत नव्हतं. तिने एक सत्र सोडलं, नंतर एकेक विषय घेऊन परत सुरुवात केली. आता ती शनिवारी येते, माझ्या पुढच्या रांगेत बसते, फार प्रश्न विचारते. तिच्यामुळे वर्ग वेळेवर सुटत नाही. ज्याच्या आईने मला तीनदा विचारलं होतं, त्या मुलाचा पुढे काहीच पत्ता लागला नाही. मी दोन ईमेल पाठवल्या होत्या.

मी चौथा पेपर पुढच्या वसंतात दिला. निकाल ऑफिसातच कॉम्प्युटरवर पाहिला. पास. मी उठून बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. त्यांनी दार लावलं, माझे दोन्ही हात धरले आणि रडल्या. मी उभी होते. मला रडू आलं नाही, पण हात सोडवून घ्यावेत असंही वाटलं नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "जा, काम कर." मी गेले.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. मी सिंकशी भांडी विसळत होते. ती म्हणाली, "दॅट्स ग्रेट, आई." मग नेहमीसारखी खोलीत गेली नाही. टॉवेल घेऊन बाजूला उभी राहिली, भांडी पुसायला लागली.

"बाबाला सांगावंसं वाटलं तुला?" तिने विचारलं. मराठीत विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आणि मी बरी नाहीये. तुला खोटंच सांगत होते."

ती एक ताट पुसत राहिली, ते कोरडं झालं तरी.

"मी टू," ती म्हणाली.

मी नळ बंद केला. मग ती म्हणाली की तिला भूक लागली आहे, आणि मी पोळ्यांसाठी कणीक काढली.